गाळ, छेद आणि धोक्याचा आकडा

नदीच्या गाळात जड धातू सापडल्याची बातमी वर्षातून दोन-चारदा तरी वाचनात येते आणि तिची मांडणी बहुधा ठरलेली असते: शिसे इतके, कॅडमियम इतके, निकेल मर्यादेच्या इतके पट आणि शेवटी ‘पर्यावरणीय धोका तीव्र’ असा शेरा. मी भूरसायनशास्त्र शिकलो आणि उमेदीची काही वर्षे गाळाचे नमुने आम्लात विरघळवण्यात घालवली, त्यामुळे अशी बातमी वाचताना माझी नजर अंशावर न थांबता छेदाकडे जाते. धातूचे मोजलेले प्रमाण कशाने भागले, हे कळल्याखेरीज ‘तीव्र’ या शब्दावरून काहीही ठरवता येत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या नद्यांच्या बाबतीत हा छेद चुकण्याचा संभव विशेष मोठा आहे, कारण एकीकडे दख्खनचा काळा कातळ आहे आणि दुसरीकडे गोव्याचे लोहखनिज.

मुळात पाणी सोडून गाळ का तपासायचा, हे आधी सांगितले पाहिजे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे 2012 च्या आयएस 10500 नुसार, दर लिटरमागे शिसे 0.01 मिलिग्रॅम, कॅडमियम 0.003 मिलिग्रॅम आणि पारा 0.001 मिलिग्रॅम एवढीच मुभा आहे. असे असूनही, अत्यंत घाणेरड्या दिसणाऱ्या नदीचे गाळून घेतलेले पाणी या कसोटीला पुष्कळदा उतरते. याचे कारण असे की बहुतेक जड धातू पाण्यात विरघळलेल्या रूपात फार काळ राहत नाहीत. चिकणमातीचे कण, लोह व मँगनीजच्या ऑक्साइडांची पुटे आणि सेंद्रिय पदार्थ त्यांना धरून ठेवतात आणि प्रवाह संथ झाला की कणांबरोबर धातूही तळाला बसतात. पाण्यात लिटरमागे 2 मायक्रोग्रॅम शिसे आणि त्याच जागच्या गाळात किलोमागे 40 मिलिग्रॅम शिसे, हे अगदी सर्वसाधारण चित्र आहे, आणि वजनाच्या हिशेबाने त्यात वीस हजार पटींचे अंतर आहे. एखाद्या कारखान्याने रात्री सोडलेले पाणी सकाळच्या नमुन्यात सापडणार नाही, पण खालच्या बंधाऱ्यामागच्या गाळात त्याची नोंद राहील.

या नोंदीचे वाचन मात्र सोपे नसते. पहिली अडचण कणांच्या आकाराची आहे. वाळूत धातू कमी असतात आणि चिकणमातीत जास्त, कारण कण जितका बारीक तितका त्याचा पृष्ठभाग मोठा. म्हणून नमुना 63 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून फक्त बारीक भाग तपासण्याचा प्रघात आहे. एका अभ्यासात पुलाखालची रेती सरसकट तपासली आणि दुसऱ्यात बंधाऱ्यामागचा चाळलेला चिखल तपासला, तर या दोहोंच्या आकड्यांची तुलना करून ‘प्रदूषण तिप्पट झाले’ असे म्हणणे निराधार ठरते. दुसरी अडचण आम्लाची. अम्लराजात, म्हणजे नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, नमुना उकळला तर कणांवर चिकटलेले धातू सुटतात, पण सिलिकेट खनिजांच्या जाळीत अडकलेला भाग आणि क्रोमाइटसारख्या हट्टी खनिजांतला क्रोमियम बव्हंशी तसाच राहतो. तो पूर्ण विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते आणि ते हाताळणे इतके जोखमीचे आहे की अनेक प्रयोगशाळा त्याच्या वाटेला जात नाहीत. अम्लराजाने काढलेला आकडा घेऊन त्याला खडकातल्या एकूण प्रमाणाने भागणारे अहवाल मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यात अंश व छेद वेगवेगळ्या पद्धतींनी मोजलेले असतात याची दखलही कुणी घेतलेली नसते.

आता छेदाकडे वळू. जर्मन गाळशास्त्रज्ञ म्युलर यांनी 1969 मध्ये भूसंचय निर्देशांक मांडला. मोजलेल्या प्रमाणाला मूळ नैसर्गिक प्रमाणाच्या दीडपटीने भागायचे आणि त्या भागाकाराचा 2 या पायावरचा लॉगॅरिथम काढायचा, एवढेच त्याचे गणित आहे. उत्तर शून्याखाली आले तर गाळ अप्रदूषित, आणि पाचाच्या वर गेले तर अतितीव्र प्रदूषित. दीडपट धरण्यामागे नैसर्गिक चढउताराला थोडी सवलत द्यावी असा विचार होता. प्रश्न उरतो तो ‘मूळ नैसर्गिक प्रमाण’ आणायचे कुठून हा. जगभरचे बहुसंख्य अभ्यासक यासाठी ट्युरेकियन आणि वेडेपोल यांनी 1961 मध्ये प्रसिद्ध केलेली शेल खडकाची सरासरी वापरतात: किलोमागे तांबे 45, निकेल 68, क्रोमियम 90, जस्त 95, शिसे 20 आणि कॅडमियम 0.3 मिलिग्रॅम. शेल हा स्वतःच जुन्या चिखलाचा दगड झालेला असल्यामुळे ही निवड वरकरणी योग्य वाटते.

मात्र मुळा, मुठा, भीमा, गोदावरी किंवा कृष्णा यांच्या पाणलोटाचा मोठा भाग शेलचा नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या लाव्हाचा बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा कातळ, आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आणि त्यात तांब्याचे नैसर्गिक प्रमाण किलोमागे 100 मिलिग्रॅमच्या वर व अनेक ठिकाणी 200 च्या आसपास असते. त्या कातळापासून झालेल्या काळ्या मातीत आणि ती माती वाहून आणणाऱ्या नदीच्या गाळात हे तांबे उतरणारच. समजा, भीमेच्या गाळात तांबे 180 मिलिग्रॅम सापडले. शेलच्या 45 ने भागले की उत्तर चार येते, निर्देशांक 1.4 होतो आणि गाळ ‘मध्यम प्रदूषित’ ठरतो. हाच आकडा स्थानिक कातळाच्या, उदाहरणार्थ 150 मिलिग्रॅमच्या, छेदाने तपासला तर निर्देशांक शून्याखाली जातो आणि गाळ अप्रदूषित ठरतो. नदी तीच, नमुना तोच, मोजणीही तीच. उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या गाळासाठी 2000 साली सुचवलेल्या मर्यादा इकडे लावल्या तर याहून मोठा घोटाळा होतो. त्यांच्या मते निकेल 48.6 मिलिग्रॅमच्या वर गेले की तळातल्या जीवांवर दुष्परिणाम संभवतो, आणि सह्याद्रीतल्या अनेक लाव्हा प्रवाहांत निकेल मुळातच याहून जास्त आहे. या हिशेबाने, जिथे कारखाना दूरच, धड रस्ताही नाही, अशा मावळातल्या ओढ्यांनाही आपल्याला धोकादायक म्हणावे लागेल.

याचा अर्थ पुण्याखालच्या नदीत जड धातूंचा प्रश्न नाही असा मुळीच नाही. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या पट्ट्यात प्लेटिंगचे, म्हणजे धातूचा मुलामा देण्याचे, लहानमोठे कारखाने आहेत, आणि क्रोमियम, निकेल व जस्त हे त्या धंद्याचे रोजचे धातू आहेत. टायरांच्या झिजेतून जस्त आणि ब्रेकच्या झिजेतून तांबे पहिल्या पावसाबरोबर नाल्यात जाते. मैलापाणी तर आहेच. चुकीचा छेद घेतल्याने होणारे नुकसान असे की निसर्गाने दिलेले तांबे आणि निकेल अहवालात सर्वांत वर जाऊन बसतात आणि ज्यांची खरोखर माणसाने भर घातली ते शिसे, कॅडमियम व पारा खालच्या ओळीत राहतात. शिवाय ‘हे तर आपल्या मातीतच असते’ असे एकदा कुणी सिद्ध करून दाखवले की पुढच्या खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करायला मोकळीक मिळते. मला ही दुसरी गोष्ट अधिक घातक वाटते.

गोव्यात हीच चूक उलट दिशेने होते. मांडवी, म्हणजे म्हादई, आणि तिच्या दक्षिणेची झुआरी या दोन नद्या कुंभारजुव्याच्या कालव्याने जोडलेल्या आहेत, आणि डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतल्या खाणींचे लोहखनिज अनेक दशके बार्जमधून याच नद्यांतून मुरगाव बंदराकडे गेले. चीनची मागणी वाढली तेव्हा, म्हणजे 2010-11 च्या सुमारास, गोव्यातून होणारी निर्यात वर्षाला 5 कोटी टनांच्या आसपास पोचली होती. एक टन खनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती व दगड बाजूला काढावे लागतात. ही खाणमाती टेकड्यांसारखी रचून ठेवली जाते आणि गोव्याचा पाऊस तिला ओढ्यांत, शेतात आणि शेवटी नदीत नेतो. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम व वाहतूक दोन्ही रोखली. 2015 मध्ये काही खाणी सुरू झाल्या आणि 2018 मध्ये न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा बंद पडल्या. दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि गोवा विद्यापीठ येथील संशोधक या खाड्यांचा गाळ दीर्घकाळ तपासत आले आहेत. खाणी चालू, बंद, पुन्हा चालू आणि पुन्हा बंद, असा आपोआप घडलेला प्रयोग त्या अभ्यासकांच्या समोर आहे.

कणांच्या आकारामुळे होणारा गोंधळ टाळण्यासाठी अभ्यासक ‘समृद्धी गुणांक’ काढतात. त्यात धातूला आधी त्याच नमुन्यातल्या लोहाने किंवा ॲल्युमिनियमने भागतात आणि मग हे गुणोत्तर संदर्भ खडकातल्या गुणोत्तराशी ताडून पाहतात. लोह निवडण्यामागचे गृहीतक असे असते की ते निसर्गात इतके मुबलक आहे की माणसाच्या उद्योगाने त्यात फरक पडत नाही. मांडवीच्या काठावर हे गृहीतक कोसळते, कारण तिथे माणसाने नदीत घातलेली मुख्य वस्तूच लोह आहे. समजा, शिसे 20 वरून 40 मिलिग्रॅम झाले, म्हणजे दुप्पट झाले, आणि त्याच वेळी खाणमातीमुळे लोह 4.7 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर गेले. गुणांक येईल सुमारे 0.67, म्हणजे एकाहून कमी, आणि अहवाल सांगेल की शिशाची समृद्धी तर नाहीच, उलट घटच आहे. दख्खनमध्ये सूत्र विनाकारण ओरडते आणि गोव्यात ते ऐन वेळी गप्प बसते. लोहाऐवजी ॲल्युमिनियम घेतल्याने थोडी सुधारणा होते, पण जांभ्याच्या प्रदेशात ॲल्युमिनियमही मुळात वाढलेलेच असते, त्यामुळे तोही निर्धोक उपाय नाही.

गोव्यातल्या मँगनीजविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. लोहखनिजाबरोबर मँगनीज येतेच, पण खाडीच्या चिखलात ते जागेवर स्थिर राहत नाही. चिखलात थोडे खाली गेले की प्राणवायू संपतो, तिथे मँगनीजचे ऑक्साइड क्षपण होऊन विरघळते, विरघळलेले मँगनीज कणांमधल्या पाण्यातून वर सरकते आणि प्राणवायू भेटताच पुन्हा साक्याच्या रूपात बसते. परिणामी सर्वांत वरच्या थरात मँगनीजचा उंच आकडा मिळतो आणि वाचणाऱ्याला वाटते की हे ताजे प्रदूषण आहे. तो थर काल नदीत पडलेल्या मँगनीजचा असेल किंवा चाळीस वर्षांपूर्वीचे मँगनीज वर चढून आलेले असेल, आणि केवळ एकूण प्रमाण मोजून या दोहोंत फरक करता येत नाही.

‘पर्यावरणीय धोका’ हा बातमीतला शब्द ज्या सूत्रातून येतो ते स्वीडनच्या हाकानसन यांनी 1980 मध्ये तिथल्या तळ्यांसाठी तयार केले. प्रत्येक धातूच्या भागाकाराला (मोजलेले भागिले मूळ प्रमाण) त्याच्या विषारीपणाच्या गुणकाने गुणायचे आणि सर्वांची बेरीज करायची. पाऱ्याचा गुणक 40, कॅडमियमचा 30, आर्सेनिकचा 10, शिसे व तांब्याचा 5, क्रोमियमचा 2 आणि जस्ताचा 1. बेरीज 150 च्या आत आली तर धोका कमी, 600 च्या वर गेली तर अतितीव्र. हे गुणक पाहिल्यावर लक्षात येते की बेरजेचे भवितव्य पारा आणि कॅडमियम हे दोनच धातू ठरवतात, आणि नेमके तेच मोजायला सर्वांत कठीण आहेत. अर्धा ग्रॅम गाळ विरघळवून 50 मिलिलिटर द्रावण केले, तर किलोमागे 0.3 मिलिग्रॅम कॅडमियम असलेल्या गाळातून लिटरमागे 0.003 मिलिग्रॅम एवढेच हाती येते, आणि साध्या ज्योतीच्या अणुशोषण यंत्राची ही जवळजवळ सीमा आहे. यंत्राच्या थरथरीने 0.3 चे 0.6 वाचले गेले तर धोक्याच्या बेरजेत एकदम 30 ची भर पडते. तेवढीच भर तांब्यामुळे पडायची असेल, तर तांबे 45 वरून 315 मिलिग्रॅमवर जावे लागेल.

त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे हाकानसन यांनी स्वतः कॅडमियमचा मूळ आकडा 1.0 मिलिग्रॅम धरला होता. पुढच्या लोकांनी त्यांचे गुणक आणि त्यांच्या मर्यादा जशाच्या तशा उचलल्या, पण छेदात मात्र शेलचे 0.3 घातले, आणि कॅडमियमचा धोका तिथल्या तिथे तिपटीहून अधिक झाला. दुसरीकडे, 150 ही मर्यादा आठ प्रदूषकांच्या बेरजेसाठी होती आणि त्यांत पारा व पीसीबी (धातू नसलेली क्लोरिनयुक्त औद्योगिक रसायने) ही 40-40 गुणकांची दोन प्रदूषके होती. पारा मोजायला शीत बाष्पाची वेगळी व्यवस्था लागते, म्हणून तो बऱ्याचदा गाळलाच जातो. पीसीबीचे तर नावही निघत नाही. उरलेल्या सहांच्या गुणकांची बेरीज 53 होते, पण अहवालात मर्यादा 150 चीच राहते. त्यामुळे एकाच अहवालात एका कारणाने धोका फुगवलेला आणि दुसऱ्या कारणाने दडपलेला असू शकतो, आणि शेवटचा आकडा निव्वळ योगायोगाने बरोबर ठरला तर ठरला.

जीवसृष्टीला या सूत्राशी काही देणेघेणे नाही. गाळातल्या रक्तकिड्यांना आणि ट्युबिफेक्स या बारीक कृमींना धातू किती आहे यापेक्षा तो किती सैल आहे याच्याशी कर्तव्य असते. टेसिए आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये दिलेल्या पद्धतीत नमुना पाच पायऱ्यांनी धुतला जातो: सहज सुटणारा भाग, कार्बोनेटला चिकटलेला, लोह-मँगनीज ऑक्साइडांतला, सेंद्रिय पदार्थ व सल्फाइडमधला आणि शेवटी खनिजाच्या जाळीतला. बेसॉल्टमधून आलेले तांबे व निकेल मुख्यतः शेवटच्या पायरीवर सापडावेत आणि प्लेटिंगच्या पाण्यातून आलेले पहिल्या तीन पायऱ्यांवर, अशी अपेक्षा असते. वर सांगितलेल्या छेदाच्या वादावर माझ्या मते हा सर्वांत प्रामाणिक उतारा आहे, पण तो वेळखाऊ आहे आणि त्यातून बातमीला लागणारा एकच एक आकडा निघत नाही.

चौथ्या पायरीतला सल्फाइड पुण्याच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. मैलापाणी साचलेल्या पात्रात सडक्या अंड्यांच्या वासाचा जो काळा चिखल दिसतो, त्यात कॅडमियम, शिसे, जस्त, तांबे आणि निकेल सल्फाइडच्या रूपात घट्ट बांधलेले असतात, आणि चिखल पाण्याखाली व प्राणवायूविना राहिला तोवर ते बहुतांशी निरुपद्रवी राहतात. हाच चिखल पोकलेनने उपसून काठावर टाकला की हवेने सल्फाइडचे सल्फेट होते, आम्लता वाढते आणि बांधलेले धातू मोकळे होऊ लागतात. नदी ‘स्वच्छ’ करण्याच्या उत्साहात गाळ काढताना तो कुठे टाकायचा आणि त्याचा निथळ कुठे जाणार, हा प्रश्न किमान काढण्याइतकाच मोठा मानला पाहिजे.

गाळातला धातू माणसापर्यंत कसा पोचतो याचे जगातले सर्वांत जास्त अभ्यासलेले उदाहरण जपानच्या जिंझू नदीचे आहे. वरच्या अंगाला कामिओका ही जस्त-शिशाची खाण होती आणि तिच्यातून कॅडमियम नदीत येत असे. खालच्या तोयामा भागात नदीचे पाणी पाटांनी भातखाचरांत जाई, बारीक गाळ तिथे बसे आणि भाताचे पीक त्यातला कॅडमियम शोषून घेई. तो भात आयुष्यभर खाल्लेल्या लोकांची, विशेषतः मध्यमवयीन आणि वृद्ध स्त्रियांची, मूत्रपिंडे निकामी झाली, हाडे मऊ पडून मोडू लागली आणि असह्य वेदनांनी त्यांना ग्रासले. 1968 मध्ये जपान सरकारने या ‘इताई-इताई’ आजाराचे कारण अधिकृतपणे मान्य केले आणि 1971 मध्ये न्यायालयाने रुग्णांच्या बाजूने निकाल दिला. शेतजमीन दुरुस्त करण्याचे काम मात्र 2012 पर्यंत चालले. या प्रकरणात धोका नदीच्या पात्रात कमी आणि खाचरात जास्त होता, आणि नदीच्या पाण्याचा एखादा नमुना घेऊन तो कधीच कळला नसता.

उजनीच्या बाबतीत मला याच वाटेची काळजी वाटते. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणात पवना, इंद्रायणी, मुळा आणि मुठा यांचे पाणी भीमेवाटे येते, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणीही येते, आणि सव्वाशे टीएमसीच्या जवळपास क्षमतेच्या त्या संथ जलाशयात बारीक गाळ बसणे अटळ आहे. भिगवणला लोक रोहित पक्षी पाहायला आणि चिलापी खायला जातात. माशाच्या मांसात कॅडमियम फारसे साठत नाही, ते यकृत आणि मूत्रपिंडात साठते, त्यामुळे साफ करून खाल्लेल्या चिलापीची मला त्या धातूपुरती धास्ती नाही. मिथिल पारा, म्हणजे पाऱ्याचे सेंद्रिय रूप, मात्र थेट मांसात साठतो, आणि म्हणूनच पारा न मोजता दिलेला ‘धोका कमी’ हा शेरा मी स्वीकारणार नाही. 2017 पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे. कारखाने नसलेल्या पाणलोटातल्या गावतळ्यांचा आणि लघुपाटबंधाऱ्यांचा गाळ शेतात टाकण्यात गैर काही नाही, उलट फायदाच आहे. शहराखालच्या आणि औद्योगिक वसाहतीखालच्या जलाशयांचा गाळ मात्र वेगळा काढायला हवा, आणि पिण्याच्या पाण्याला आहेत तशी अधिसूचित मानके आपल्याकडे नदीच्या गाळासाठी नसल्यामुळे, त्याचा निवाडा करायला स्थानिक छेदच हवा.

तो छेद मिळवणे अशक्य नाही. उजनीच्या तळातून पुरेशी लांब नळी घातली तर धरणाचा गाळ संपून 1980 पूर्वीची बुडालेली काळी माती लागेल, आणि त्याच खोऱ्याचे, त्याच कातळाचे जुने प्रमाण तिथे हाती येईल. वरच्या थरांचे वय शिसे-210 या किरणोत्सारी समस्थानिकावरून काढता येते. त्याचा अर्धायुकाल सुमारे 22 वर्षांचा असल्याने गेल्या शंभर वर्षांसाठी ते सोयीचे पडते. पडताळणीसाठी पुण्याच्या वरच्या एखाद्या धरणाचा गाळ घ्यावा, पण शक्यतो खडकवासल्याचा घेऊ नये, कारण जुलै 1961 मध्ये पानशेत फुटले तेव्हा खडकवासलाही फुटले आणि तिथल्या जुन्या गाळाचा थर विश्वासाचा राहिलेला नाही. या दोन ठिकाणच्या नमुन्यांत पारा धरून आठ-दहा धातू एकाच आम्लाने, एकाच चाळणीने आणि एकाच यंत्रावर मोजले, तर भीमा खोऱ्यासाठी मूळ प्रमाणांचा एक तक्ता तयार होईल, आणि यापुढच्या प्रत्येक अहवालाला 1961 च्या शेलऐवजी तो तक्ता वापरता येईल.